मृगाआधी फ्ल्यूची लस : घरातील वृद्धांना कोणती लस केव्हा द्यावी?

उन्हाळ्याच्या या दिवसांत आपल्याकडे घरोघर पावसाळ्याची बेगमी चालू असते. धान्याला ऊन दाखवले जाते, पापड-कुरडया होतात, सरपण कोरड्या जागी रचले जाते, घर शाकारून घेतले जाते. रानात नांगरट होऊन ढेकळे तापत पडलेली असतात. या बेगमीत आणखी एक गोष्ट असायला हवी आणि ती बहुतेक घरांतून राहून जाते. ती म्हणजे घरातील वृद्ध व आजारी माणसांना फ्ल्यूची लस टोचून घेणे.

या विषयावर लिहिण्यास निमित्त झाले ते कराड तालुक्यातील एका वाचकांच्या पत्राचे. ते लिहितात, ‘माझे वडील ७४ वर्षांचे असून त्यांना दम्याचा जुना विकार व मधुमेह आहे. आई ६९ वर्षांची असून दोन वर्षांपूर्वी तिची अँजिओप्लास्टी झाली आहे व रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत. माझा धाकटा भाऊ इंग्लंडमध्ये असतो. तेथे त्याच्या ऐंशीच्या घरातील सासू-सासऱ्यांना ऑक्टोबरमध्ये फ्ल्यूची व कोविडची लस एकाच दिवशी, दोन दंडांवर दिली. आई-बाबांनाही ऑक्टोबरमध्ये तसेच द्या, असा त्याचा आग्रह आहे. शेजारचे एक गुरुजी म्हणतात, दोन लसींत पंधरा दिवसांचे अंतर पाहिजेच. औषध दुकानदार म्हणतो, कोविडची लस आता मिळतच नाही, तेव्हा सगळाच विषय सोडा. आम्ही नेमके काय करावे?’

पत्रातील तिन्ही सल्ले देणारी माणसे भल्यासाठीच बोलत आहेत. त्या प्रत्येकाच्या बोलण्यात काही खरेही आहे. परंतु तिन्ही सल्ले जसेच्या तसे पाळले तर या दोन्ही वृद्धांचा पावसाळा लसीवाचून जाईल. म्हणून हा विषय आज क्रमाने समजून घेऊ.

फ्ल्यू आणि साधे पडसे

नाक गळणे, घसा खवखवणे, दोन शिंका येणे याला आपण ‘फ्ल्यू झाला’ असे सहज म्हणतो. हे बहुधा साधे पडसे असते. ते निरनिराळ्या विषाणूंमुळे होते व चार-सहा दिवसांत जाते. खरा फ्ल्यू म्हणजे इन्फ्लुएंझा. तो एकाएकी येतो. सकाळी शेतात गेलेला माणूस संध्याकाळी १०२-१०३ अंश तापाने अंथरुणात पडतो. अंग मोडून येते, डोके ठणकते, कोरडा खोकला लागतो व थकवा पुढे पंधरा-पंधरा दिवस राहतो. १९१८ साली याच रोगाची जी भयंकर साथ जगभर आली, तिला आपल्याकडील जुनी माणसे ‘मानमोडी’ म्हणत. त्या वर्षी जूनमध्ये मुंबईत साथ सुरू झाली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिने उग्र रूप धारण करून खेडोपाडी घरेच्या घरे ओस पाडली.

फ्ल्यूच्या विषाणूचे माणसाला त्रास देणारे मुख्य प्रकार दोन, ‘ए’ आणि ‘बी’. ‘ए’ प्रकारातील एच१एन१ व एच३एन२ ही नावे वाचकांनी ऐकली असतील. २००९ साली ‘स्वाइन फ्ल्यू’ या नावाने जो आला तो एच१एन१. त्या वर्षी ऑगस्टच्या प्रारंभी देशातील त्याचा पहिला मृत्यू आपल्या शेजारी पुण्यात झाला. पुढे २०१५ व २०१७ या दोन्ही वर्षी महाराष्ट्राला त्याचा मोठा फटका बसला. आज तो नवा पाहुणा राहिलेला नसून दरवर्षीच्या फ्ल्यूचाच एक भाग झाला आहे.

हा विषाणू आपले बाह्य आवरण थोडे थोडे बदलत राहतो. त्यामुळे गेल्या वर्षी शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये यंदाच्या विषाणूला पुरतेपणी ओळखत नाहीत. शिवाय लसीने आलेली प्रतिकारशक्ती काही महिन्यांनी ओसरू लागते. या दोन कारणांमुळे फ्ल्यूची लस दरवर्षी घ्यावी लागते. लहानपणी एकदा टोचले आणि काम झाले, असा येथे प्रकार नाही.

इंग्लंडचा ऑक्टोबर आपल्या कामाचा नाही

आता मुख्य प्रश्न वेळेचा. इंग्लंडमध्ये फ्ल्यू कडाक्याच्या थंडीत, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत बळावतो. म्हणून तेथे लस ऑक्टोबरच्या सुमारास देतात. आपल्या देशातही श्रीनगरसारख्या थंड भागात फ्ल्यूचा जोर हिवाळ्यात असतो व तेथे हिवाळ्याआधीची लस योग्य ठरते. परंतु आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात व देशाच्या बहुतेक भागात, फ्ल्यूचा मोठा हंगाम पावसाळ्याचा. जूनच्या अखेरीपासून रुग्ण वाढू लागतात आणि जुलै ते सप्टेंबर हा त्यांचा भर असतो. दुसरी, बहुधा लहान लाट जानेवारी ते मार्चमध्ये येते. काही वर्षी ही दुसरी लाटही मोठी होते. २०१५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तसे घडले होते.

पावसाळाच का, याचे कारण आपल्या राहणीतही सापडते. पाऊस लागला की दारे-खिडक्या बंद होतात, ओले कपडे घरातच वाळतात, माणसे एका खोलीत दाटीने बसतात. शाळा सुरू होऊन मुले वर्गातून सर्दी-खोकला घरी आणतात. आषाढीची वारी याच दिवसांत असते. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण या मार्गाने जाते, तेव्हा हजारो वृद्ध वारकरी एका तंबूत निजतात, एका पंगतीत जेवतात. कृष्णेला पूर आला की सांगलीवाडी, भिलवडीकडील कुटुंबे शाळांतून व मंगल कार्यालयांतून राहावयास जातात. २००५, २०१९ व २०२१ या सालांचे महापूर आपण विसरलेलो नाही. अशा गर्दीत एक खोकणारा माणूस शेजारच्या दहा जणांना प्रसाद वाटतो.

लस टोचल्यापासून शरीरात पुरेशी प्रतिद्रव्ये तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. हे गणित शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. पाऊस पडू लागल्यावर कोणी नांगरट सुरू करत नाही. मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास लागते. तेव्हा अक्षय्य तृतीयेपासून रोहिणी नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे साधारण एप्रिलच्या अखेरीपासून २५ मेपर्यंतचा काळ आपल्या भागासाठी उत्तम. वारीला जाणाऱ्यांनी तर प्रस्थानाआधी किमान दोन आठवडे लस घेतलेली असावी.

ऑक्टोबरची वाट पाहिली तर काय होते, हे मी एकदा जवळून पाहिले आहे. २०१७ सालची गोष्ट. दम्याचे एक जुने रुग्ण, वय सत्तरीच्या पुढे, मे महिन्यात तपासणीस आले होते. लसीचा विषय निघाला. त्यांचा मुलगा म्हणाला, ‘आता उन्हात कशाला, थंडीच्या आधी घेऊ.’ मीही ‘बरं, दिवाळीला बघू’ म्हणून मान डोलावली. श्रावणात त्यांना ताप भरला. तिसऱ्या दिवशी धाप लागली आणि मोठ्या रुग्णालयात हलवूनही ते घरी परत आले नाहीत. लस घेतली असती तर ते नक्कीच वाचले असते, असे मी म्हणणार नाही. तसे कोणालाच म्हणता येणार नाही. परंतु जे करणे हातात होते ते मी केले नाही, ही गोष्ट खरी. तेव्हापासून मे महिन्यात आलेल्या अशा रुग्णाला मी पुढची तारीख देत नाही.

डबीवर काय वाचावे?

जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत व सप्टेंबरमध्ये, जगभरातून आलेल्या नमुन्यांवरून पुढील हंगामाच्या लसीत कोणते विषाणू असावेत हे ठरवते. फेब्रुवारीतील निर्णय पृथ्वीच्या उत्तर गोलार्धासाठी व सप्टेंबरमधील दक्षिण गोलार्धासाठी असतो. डबीवर तसा उल्लेख व वर्ष छापलेले असते. भारत नकाशात उत्तर गोलार्धात असला तरी आपला फ्ल्यूचा मोठा हंगाम पावसाळ्याचा असल्याने मे महिन्यात घ्यावयाची ती दक्षिण गोलार्धाची, त्याच वर्षाची लस. ती साधारण एप्रिलच्या सुमारास बाजारात येऊ लागते. हिवाळ्याच्या तोंडावर जी नवी येते ती उत्तर गोलार्धाची.

दुकानात नवी लस आलेली नसेल, तर एक-दोन आठवडे थांबण्यास हरकत नाही. त्याहून अधिक खोळंबा होत असेल तर मुदतीत असलेली आधीची लस घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. दोन्हींतील विषाणू पुष्कळदा सारखे किंवा जवळचे असतात. मुदत संपलेली लस मात्र कोणी फुकट दिली तरी घेऊ नये.

तीन विषाणूंची व चार विषाणूंची अशा दोन प्रकारच्या लसी असतात. ‘चारवाली भारी’ असा समज आहे. वास्तविक चौथा विषाणू म्हणजे ‘बी’ प्रकारातील यामागाता नावाची शाखा, मार्च २०२० नंतर जगात कोठेही खात्रीने आढळलेली नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने आता तीन विषाणूंची लस पुरेशी असल्याचे सांगितले आहे. जी मिळेल ती घ्यावी. चौथ्यासाठी अडून बसू नये.

लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. ती गोठली तरी निकामी होते. म्हणून दुकानातून लस आणून घरच्या फ्रीजमध्ये ठेवणे, बर्फाच्या खड्यांत बुडवून गावी नेणे हे प्रकार टाळावेत. ज्या दवाखान्यात लस ठेवलेली आहे तेथेच जाऊन टोचून घेणे सर्वांत चांगले.

कोविडच्या लसीचे आज काय?

कोविडच्या बाबतीत आपला भाग फार सोसून बसला आहे. २३ मार्च २०२० रोजी इस्लामपुरात परदेशातून परतलेल्या एका कुटुंबातील चौघांना हा रोग झाल्याचे निष्पन्न झाले आणि काही दिवसांत त्यांच्या नात्यागोत्यातील व संपर्कातील रुग्णांची संख्या पंचवीसच्या आसपास गेली. रोग घरातून घरात कसा पसरतो, हे त्या वेळी सर्व राज्याने पाहिले. सुदैवाने ते रुग्ण बरे झाले. पुढे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत दोन्ही जिल्ह्यांतील किती घरांवर आघात झाला, ते सांगावयास नको.

देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. १ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील नागरिकांना लस मिळू लागली. १० जानेवारी २०२२ पासून तिसरी मात्रा, जिला ‘प्रिकॉशन डोस’ म्हटले गेले, ती द्यावयास प्रारंभ झाला व जुलै २०२२ मध्ये दुसऱ्या व तिसऱ्या मात्रेतील अंतर नऊ महिन्यांवरून सहा महिन्यांवर आणले गेले. १५ जुलै २०२२ पासून ७५ दिवस ही मात्रा सर्व प्रौढांना सरकारी केंद्रांत मोफत होती. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आता सर्वांसाठीची ती मोहीम उरलेली नाही. गावोगावच्या केंद्रांत लस ठेवलेली नसते, इतपत दुकानदाराचे म्हणणे बरोबर आहे.

परंतु रोग संपलेला नाही. तो अधूनमधून डोके वर काढतो आणि त्याला फ्ल्यूसारखा ठरलेला हंगाम नाही. तरुण, धडधाकट माणसाला आता वारंवार बूस्टरची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी मार्च २०२३ मध्ये सांगितले, की अतिवृद्ध, गंभीर जुने विकार असलेले, प्रतिकारशक्ती कमी असलेले, गर्भवती स्त्रिया व रुग्णसेवेतील माणसे यांच्यासाठी आधीच्या मात्रेनंतर सहा ते बारा महिन्यांनी पुढील मात्रेचा विचार व्हावा. म्हणजे आज हा प्रश्न थोड्या लोकांचा असून त्याचा निर्णय त्या रुग्णाच्या डॉक्टरांनी घ्यावयाचा आहे. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेले, कर्करोगाचे उपचार चालू असलेले, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे असे रुग्ण घरात असतील, तर त्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरांना पुढच्या भेटीत हा प्रश्न अवश्य विचारावा. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात लस मिळेल काय, याची चौकशी त्यांच्यामार्फत करणे सोयीचे पडते. जुन्या मात्रांची प्रमाणपत्रे जपून ठेवली असतील तर ती सोबत न्यावीत. शेवटची मात्रा कोणती व कोणत्या तारखेस झाली, यावर पुढचे ठरते.

पंधरा दिवसांचे अंतर कोठून आले?

गुरुजींचा सल्ला मनचा नाही. जानेवारी २०२१ मध्ये मोहीम सुरू झाली तेव्हा कोविडची लस व इतर कोणतीही लस यांत किमान १४ दिवसांचे अंतर ठेवावे, अशीच सरकारी सूचना होती. लस नवी होती. त्रास झालाच तर तो कोणत्या लसीचा, हे कळावे म्हणून ती दक्षता होती.

पुढे अनुभव आला. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी ६७९ प्रौढांवर केलेला अभ्यास २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही लसी एकाच दिवशी दिल्या तरी त्रास बहुधा सौम्य किंवा मध्यमच होता व प्रतिद्रव्ये दोन्ही रोगांविरुद्ध तयार झाली, असे त्यात आढळले. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेनेही दोन्ही एका भेटीत देण्यास संमती दिली. तेव्हा आजचा नियम असा : दोन्ही लसी एका दिवशी, दोन निरनिराळ्या दंडांवर देता येतात. वेगवेगळ्या दिवशी घ्यावयाच्या असतील तरी चालते व मध्ये ठरावीक दिवस मोजण्याची गरज नाही. एकाच दिवशी घेतल्यास दंड दुखणे, कणकण, थकवा किंचित अधिक जाणवू शकतो. फार अशक्त वृद्धाला दोन्हींचा ताप एकदम नको वाटत असेल तर आठवडाभराने दुसरी घ्यावी. ज्यांना लांबून एस.टी.ने यावे लागते, त्यांनी एकाच फेरीत काम उरकलेले बरे. कारण दुसरी फेरी पुष्कळदा होतच नाही.

सर्वांत महत्त्वाचे असे, की कोविडची लस मिळत नाही म्हणून फ्ल्यूची अडवून ठेवू नये. एक बैल मिळाला नाही म्हणून दुसऱ्याला वैरण घालायची नाही, असे आपण करत नाही.

कोणी प्राधान्याने घ्यावी?

१. साठ-पासष्ट वर्षांवरील सर्व, विशेषतः जुने विकार असलेले.
२. दमा, धुरामुळे किंवा विडी-सिगारेटमुळे खराब झालेली फुप्फुसे, जुना क्षय होऊन गेलेला. वर्षानुवर्षे चुलीपुढे बसलेल्या आपल्या आया-आज्या यात मोडतात, हे विसरू नये.
३. हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंड व यकृताचे विकार असणारे.
४. कर्करोग, प्रत्यारोपण, एच.आय.व्ही. अथवा औषधांमुळे प्रतिकारशक्ती घटलेले.
५. गर्भवती स्त्रिया. कोणत्याही महिन्यात सुईची लस देता येते व जन्मणाऱ्या बाळालाही पहिले काही महिने तिचा आधार मिळतो.
६. सहा महिने ते पाच वर्षांची मुले. नऊ वर्षांखालील मुलाला पहिल्यांदाच देताना एका महिन्याच्या अंतराने दोन मात्रा लागतात.
७. या सर्वांची शुश्रूषा करणारी घरातील माणसे. फार म्हाताऱ्या किंवा कर्करोगाच्या रुग्णाच्या शरीरात लसीचा परिणाम कमी होतो. अशा वेळी सून, मुलगा, नातवंडे यांनी लस घेणे हेच त्या रुग्णाभोवतीचे कुंपण.

लसीची किंमत खिशाला जाणवणारी आहे, हे मान्य. एका कुटुंबात सर्वांना घेणे जमत नसेल तर वरील क्रमाने ज्यांना धोका अधिक त्यांना आधी द्यावी. राज्य शासनाने २०१५ पासून गर्भवती, मधुमेह व रक्तदाबाचे रुग्ण यांसारख्या जोखमीच्या गटांसाठी सरकारी रुग्णालयांतून मोफत लस देण्याचे धोरण घेतले होते. साठा सर्व वेळी व सर्व ठिकाणी असतोच असे नाही. म्हणून साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय किंवा आपले उपजिल्हा रुग्णालय येथे आधी चौकशी करावी.

काही नेहमीच्या शंका

*लसीनेच फ्ल्यू होतो काय?* नाही. सुईने देतात त्या लसीत मारलेल्या विषाणूचे अंश असतात. त्यांच्यापासून रोग होऊ शकत नाही. नाकात फवारण्याची एक जिवंत विषाणूंची लस असते. ती वृद्ध, गर्भवती व प्रतिकारशक्ती घटलेले रुग्ण यांना देऊ नये.

*लस घेऊनही सर्दी झाली, मग उपयोग काय?* साध्या पडशावर ही लस चालत नाही. फ्ल्यूविरुद्धही ती पूर्ण कवच नाही. चांगली जुळली त्या वर्षी फ्ल्यूने दवाखान्याची पायरी चढण्याचा धोका साधारण चाळीस ते साठ टक्क्यांनी घटतो. वृद्धांत त्याहून कमी. परंतु रोग झालाच तरी न्यूमोनिया, रुग्णालय व मृत्यू यांचा धोका कमी होतो, हा खरा लाभ.

*अंडे चालत नाही अशा माणसाने काय करावे?* बहुतेक फ्ल्यूच्या लसी अंड्यात वाढवलेल्या विषाणूपासून करतात. तरीही अंड्याची अॅलर्जी हे लस टाळण्याचे कारण आता मानले जात नाही. पूर्वी याच लसीने अंगावर गांधी उठून धाप लागली असेल तर मात्र ती घेऊ नये.

*कोविडच्या लसीने हृदयविकाराचे झटके येतात, असे ऐकतो.* काही लसींचे दुर्मिळ दुष्परिणाम आहेत, ते नाकारू नयेत. परंतु तरुणांतील आकस्मिक मृत्यूंचा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जो अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात लसीमुळे असा धोका वाढल्याचे आढळले नाही.

*ताप असताना लस घ्यावी काय?* किरकोळ सर्दी असेल तर हरकत नाही. जोराचा ताप असेल तर बरे होईपर्यंत थांबावे. डोळ्याचे किंवा अन्य ऑपरेशन ठरले असेल तर मध्ये काही दिवस जाऊ द्यावेत, म्हणजे ताप आल्यास तो लसीचा की जखमेचा याचा घोळ होत नाही.

*कुत्रे चावले तर?* रेबीजची लस कोणत्याही लसीसाठी थांबत नाही. ती त्याच दिवशी सुरू करावी.

टोचून घेताना व नंतर

उपाशीपोटी जाऊ नये. मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घ्याव्यात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आधी सांगावे. ती मनाने बंद करू नयेत. अशा वेळी बारीक सुई वापरतात व टोचलेली जागा न चोळता दोन मिनिटे दाबून धरावयाची असते. डायलिसिसच्या रुग्णाने ज्या हाताला फिस्टुला आहे त्या हातावर लस घेऊ नये. पूर्वी कधी लस घेतल्यावर सहा आठवड्यांच्या आत हातापायांतील शक्ती गेली असेल, तर ते डॉक्टरांना सांगितल्यावाचून लस घेऊ नये. लस झाल्यावर अर्धा तास तेथेच बसावे. दंड दुखला, कणकण आली तर पॅरासिटामॉलची गोळी पुरते. एक-दोन दिवसांत हे थांबते.

लस घेतली म्हणून पावसाळ्यात बेफिकीर राहू नये. वृद्ध, मधुमेही, दमेकरी, गर्भवती यांना थंडी वाजून ताप आला तर घरगुती काढ्यावर तीन दिवस काढू नयेत. फ्ल्यूवरील ऑसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर अधिक गुणकारी ठरते. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ किंवा नखे निळसर होणे, बेडक्यातून रक्त पडणे, गुंगी येणे, मुलाने खाणेपिणे सोडणे यांपैकी एकही लक्षण दिसले तर वाट न पाहता रुग्णाला रुग्णालयात न्यावे.

पत्रलेखकास उत्तर

आपल्या वडिलांना व आईला, दोघांनाही फ्ल्यूची लस या मे महिन्यातच द्यावी. ऑक्टोबरपर्यंत थांबू नये. आईच्या रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांची कल्पना टोचणाऱ्यास द्यावी. त्याच भेटीत न्यूमोनियाच्या, म्हणजे न्यूमोकोकल लसीविषयी विचारावे. ती दोघांनाही उपयोगी असून फ्ल्यूच्या लसीबरोबर दुसऱ्या दंडावर देता येते व ती दरवर्षी घ्यावी लागत नाही. कोविडच्या मात्रेविषयी वडिलांच्या छातीच्या व आईच्या हृदयाच्या डॉक्टरांचे मत घ्यावे. त्यांनी सुचवली आणि मिळाली, शिवाय शेवटच्या मात्रेस सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला असेल, तर केव्हाही द्यावी. फ्ल्यूच्या लसीपासून किती दिवस झाले, हे मोजण्याचे कारण नाही.

ज्यांचा मे महिना हुकेल त्यांनी पुढे जुलैमध्ये, अगदी सप्टेंबरमध्येही लस घ्यावी. उशिराची पेरणी कमी पिकते, पण रान पडीक ठेवण्यापेक्षा ती बरी. आणि इंग्लंडमधील बंधूंना कळवावे, की त्यांची काळजी योग्य आहे. फक्त आपल्याकडे फ्ल्यू थंडीची वाट पाहत नाही, तो मृगाबरोबर येतो.